पोलादाचा शिणवटा मोजणारा अभियंता : ऑगस्ट व्होलर

८ मे १८४२ रोजी, एका रविवारी, फ्रान्सच्या राजाच्या सन्मानार्थ झालेला व्हर्सायचा उत्सव पाहून पॅरिसकडे परतणारी एक आगगाडी म्यूदाँ या गावाजवळ रुळांवरून घसरली. पुढच्या इंजिनाचा आस मोडला होता. मागून आलेले दुसरे इंजिन आणि डबे त्याच्यावर आदळले, भट्टीतले निखारे पसरले आणि लाकडी डब्यांनी पेट घेतला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अंटार्क्टिकाचा किनारा शोधून आलेले दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल हेही पत्नी आणि मुलासह त्यात जळून गेले.

या अपघाताने युरोपातील अभियंत्यांपुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. मोडलेला आस कमकुवत नव्हता. त्याच्यावर त्या दिवशी काही अवाजवी भारही आलेला नव्हता. आदल्या दिवशी, आदल्या महिन्यात जेवढे ओझे त्याने निमूटपणे वाहिले होते, तेवढेच ओझे वाहताना तो कांडी मोडावी तसा मोडला होता. मोडण्यापूर्वी तो वाकला नाही, की त्याने कोणती सूचना दिली नाही. मोडलेल्या जागी धातू खडीसाखरेसारखा कणीदार दिसे. त्यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला, की सततच्या हादऱ्यांमुळे तंतुमय लोखंडाचे रूपांतर ठिसूळ स्फटिकांत होते. स्कॉटलंडचे तरुण अभियंते विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्ये या समजुतीला हरकत घेतली आणि तडा आसाच्या खांद्यापाशी सुरू होऊन हळूहळू आत सरकत जातो, हे दाखवून दिले. परंतु किती ओझे किती वेळा सोसले म्हणजे आस मोडतो, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. ते उत्तर शोधण्यासाठी ज्या माणसाने आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे खर्च केली, त्याचे नाव ऑगस्ट व्होलर.

प्रयोगशाळेत युरिया तयार करणारे रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्होलर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांमुळे ठाऊक असतात. ऑगस्ट व्होलर हे निराळे. ते रेल्वेतील अभियंता होते. मात्र जगातील कोणत्याही यंत्र अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात त्यांच्या नावाची वक्ररेषा काढल्याशिवाय विद्यार्थ्याची सुटका होत नाही.

व्होलर यांचा जन्म २२ जून १८१९ रोजी उत्तर जर्मनीतील सोल्टाउ या छोट्या गावी एका शिक्षकाच्या घरी झाला. वडिलांना गणिताची चांगली जाण होती आणि मुलातही ती उतरली. पुढे हानोवर येथील औद्योगिक विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. हे विद्यालय कार्ल कार्मार्श यांनी नावारूपाला आणले होते आणि केवळ पुस्तकी ज्ञानापेक्षा कारखान्यात काय चालते याकडे तिथे अधिक लक्ष दिले जाई. शिक्षण संपवून व्होलर बर्लिनला बोर्सिग यांच्या कारखान्यात दाखल झाले. जर्मनीतील आगगाड्यांची इंजिने तेव्हा नुकतीच तिथे बनू लागली होती. त्यानंतर ते बेल्जियमला गेले आणि तिथे त्यांनी रेल्वेचे इंजिन चालवण्याचे शिक्षण घेतले. पुढे ज्या गोष्टीचा त्यांनी अभ्यास केला, ती गोष्ट त्यांनी आधी इंजिनाच्या पायरीवर उभे राहून, अंगावर हादरे घेत अनुभवली होती.

१८४७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लोअर सायलेशिया व मार्क या प्रांतांना जोडणाऱ्या रेल्वेत गाड्या आणि कार्यशाळा यांचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. बर्लिनहून ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टमार्गे ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफपर्यंत जाणारी ही रेल्वे होती. मुख्य कार्यशाळा फ्रँकफर्टला होती. पुढील सुमारे बावीस वर्षे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. १८५२ मध्ये ही रेल्वे प्रशियाच्या सरकारने ताब्यात घेतली आणि त्याच सुमारास आस मोडण्याच्या प्रश्नाचा छडा लावण्याचे काम सरकारकडून त्यांच्यावर सोपवले गेले. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ती त्यानंतर वर्षभराने, १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे आपल्याकडे रेल्वे आली, तेव्हा तिच्या आसांचे आयुष्य किती, हे तिच्या निर्मात्यांनाही सांगता येत नव्हते.

व्होलर यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी प्रथम कोणताही सिद्धांत मांडला नाही. धावत्या गाडीतील आसावर प्रत्यक्षात किती ताण येतो, हे आधी मोजले पाहिजे असे त्यांनी ठरवले. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक साधे उपकरण तयार केले. आस जेवढा वाके, तेवढी एक अणकुचीदार सुई जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा काढी. गाडी मुक्कामाला पोहोचली, की पत्रा काढून त्यावरचा सर्वांत लांब ओरखडा मोजायचा. आसाला वाकवणारा भार आणि पीळ देणारा भार असे दोन्ही त्यांनी या रीतीने नोंदवले. या मोजमापांचा वृत्तान्त १८५८ मध्ये आणि १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राच्या भागावर वापरात असताना प्रत्यक्ष किती भार येतो, हे मोजून मगच त्याची चाचणी घ्यायची, ही आज सर्वमान्य झालेली रीत बऱ्याच अंशी इथून सुरू झाली.

दुसरी पायरी होती आस मुद्दाम मोडून पाहण्याची. आगगाडीचा आस दोन्ही टोकांना डब्याचे ओझे घेतो आणि चाकांवर टेकलेला असतो. त्यामुळे तो किंचित वाकतो. त्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, खालचा दाबला जातो. पण आस फिरत असतो. या क्षणी वर असलेला बिंदू अर्ध्या फेऱ्यात खाली जातो आणि ताणाच्या जागी त्याला दाब सोसावा लागतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात आसावरील प्रत्येक बिंदू एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. हाच अनुभव कार्यशाळेत घडवून आणणारे यंत्र व्होलर यांनी बांधले. फिरत्या दांड्याच्या टोकांना नमुने बसवायचे, स्प्रिंगच्या साहाय्याने ठरावीक भार लावायचा आणि नमुना मोडेपर्यंत फेरे मोजत राहायचे. मिनिटाला फार तर सत्तर-बहात्तर फेरे, म्हणजे अहोरात्र चालले तर दिवसाला सुमारे एक लाख. याखेरीज एकाच दिशेने वाकवणारी, पिळणारी आणि सरळ ओढणारी यंत्रेही त्यांनी तयार केली. अनेक वर्षे ही यंत्रे चालत राहिली. तपासले जात होते ते फिनिक्स कारखान्याचे लोखंड, क्रुप यांचे पोलाद, डब्यांच्या स्प्रिंगांचे पोलाद. कामाचा मुख्य भाग म्हणजे वाट पाहणे.

त्यातून हाती आलेले आकडे आजही वाचणाऱ्याला थबकायला लावतात. फिनिक्स लोखंडाच्या नमुन्यांवर त्या काळच्या मापात ३२० एकक इतके प्रतिबल लावले, तेव्हा नमुना ५६,४३० फेऱ्यांनंतर मोडला. हे प्रतिबल त्या लोखंडाला एका दमात तोडण्यासाठी लागणाऱ्या प्रतिबलापेक्षा बरेच कमी होते. २८० एककांना १,८३,१४५ फेरे लागले, २४० एककांना ९,०९,८१० आणि १८० एककांना १,९१,८६,७९१. भार सव्वापट-दीडपट कमी केला, की आयुष्य दसपटी-शंभरपटींनी वाढे. आणि १६० एककांवर, म्हणजे पहिल्या भाराच्या निम्म्यावर, नमुना १३ कोटी २२ लाख ५० हजार फेरे होऊनही मोडला नाही. मिनिटाला बहात्तर फेरे धरले, तरी हा एक नमुना अखंड साडेतीन वर्षे फिरत राहायला हवा. इतका धीर धरणारा प्रयोगकर्ता विरळाच.

या सर्व प्रयोगांचे सार व्होलर यांनी १८७० मध्ये मांडले. धातू तोडण्यासाठी त्याच्या ताकदीपलीकडचा एकच आघात लागतो असे नाही. त्या ताकदीच्या आतले, पण पुन:पुन्हा येणारे भारही त्याला तोडू शकतात. भार किती मोठा आहे यापेक्षा तो किती आणि किती दरम्यान वरखाली होतो, हे अधिक महत्त्वाचे असते. कमाल भार जितका अधिक, तितका हा चढउतार कमी असूनही घात करतो. आणि चढउतार एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर लोखंड-पोलादाचा भाग व्यवहारात अमर्याद काळ टिकतो. या शेवटच्या मर्यादेला पुढे सहनसीमा असे नाव मिळाले. आसाचा व्यास जिथे एकदम बदलतो, तिथला टोकदार कोपरा हा तड्याचे जन्मस्थान असतो, हेही त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. आज कोणत्याही फिरत्या दांड्याच्या खांद्याला गोलाई दिलेली दिसते, तिच्यामागे रँकिन यांचे निरीक्षण आणि व्होलर यांचे आकडे आहेत.

व्होलर यांनी आपले निष्कर्ष कोष्टकांच्या रूपात प्रसिद्ध केले, आलेख काढले नाहीत. त्यांचे बर्लिनमधील उत्तराधिकारी श्पांगेनबेर्ग यांनी ते आकडे प्रथम आलेखावर मांडले आणि १९१० मध्ये अमेरिकेतील बास्क्विन यांनी ते लॉगरिथमच्या मापावर सरळ रेषेत बसतात हे दाखवले. या आलेखाला व्होलर वक्र हे नाव मात्र १९३६ नंतर रूढ झाले, त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी. त्यांच्या हयातीत १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले आणि लंडनच्या एका अभियांत्रिकी नियतकालिकाने त्याची दखल घेतली, तेव्हा जर्मनीबाहेर त्यांचे नाव पोहोचले.

व्होलर यांच्या या निष्कर्षांचा अर्थ मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला समजणे अवघड नाही. मढहून शहरात कामाला जाणारा नोकरदार बसने मालाड गाठतो आणि तिथून चर्चगेटची लोकल पकडतो. हे अंतर साधारण ३० किलोमीटर. लोकलच्या चाकाचा घेर सुमारे तीन मीटर. म्हणजे या एका खेपेत डब्याखालचा आस दहा हजार वेळा फिरतो आणि दहा हजार वेळा ताण-दाबाचे चक्र सोसतो. गाडी दिवसाला ३०० किलोमीटर धावली असे धरले, तर दिवसाला एक लाख फेरे होतात. व्होलर यांचे यंत्र अहोरात्र चालून जेवढे फेरे घेई, नेमके तेवढेच. शंभर दिवसांत हा आकडा एक कोटीवर जातो. गर्दीच्या वेळी डबा क्षमतेच्या कितीतरी पट भरलेला असतो, तेव्हा चढउताराची मर्यादाही वाढते. असे असूनही आस टिकतात, याचे कारण त्यांची जाडी सहनसीमेच्या हिशेबाने ठरवलेली असते आणि आत दडलेला तडा ध्वन्यातीत लहरींनी वेळोवेळी शोधला जातो.

मढच्याच बंदरावर या शास्त्राची दुसरी बाजू पाहायला मिळते. मासेमारीच्या यांत्रिक होडीच्या पंख्याला फिरवणारा दांडा हाही एक आसच आहे. इंजिन आणि पंखा एका रेषेत नसले, किंवा पंख्याचे एखादे पाते जाळ्यात-दगडात सापडून वाकले, की तो दांडा प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकतो. पण तो खाऱ्या पाण्यात आहे. व्होलर यांचे नमुने कोरड्या हवेत फिरत होते. खाऱ्या पाण्यात साध्या पोलादाची सहनसीमाच नाहीशी होते, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी दाखवून दिले. गंजाने पडलेल्या बारीक खळग्यांत तडे जन्म घेतात आणि पाणी त्या तड्यांना आत सरकायला मदत करते. तिथे कितीही लहान भार पुरेशा वेळा आला, तर दांडा मोडू शकतो. सहनसीमा हा धातूचा जन्मजात गुण नाही, तो धातू आणि त्याची परिस्थिती यांच्यातला करार आहे, हे सत्य व्होलर यांच्या कोष्टकांत नव्हते. त्यासाठी पुढच्या पिढ्यांना नव्याने प्रयोग करावे लागले.

१८६९ मध्ये व्होलर यांनी फ्रँकफर्ट सोडले आणि ते बर्लिनमधील रेल्वे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीचे संचालक झाले. प्रयोगाची यंत्रे बर्लिनच्या औद्योगिक अकादमीकडे गेली. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर अल्सास व लोरेन हे प्रांत जर्मन साम्राज्याला जोडले गेले आणि १८७४ मध्ये तिथल्या रेल्वेच्या संचालक मंडळावर स्ट्रासबर्ग येथे व्होलर यांची नेमणूक झाली. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १८८९ पर्यंत, ते तिथेच होते. या काळात त्यांनी प्रयोग केले नाहीत, पण एक तितकेच महत्त्वाचे काम केले. लोखंड आणि पोलाद विकणारा कारखानदार आपल्या मालाला हवे ते नाव देई आणि घेणाऱ्याजवळ त्याची प्रत ठरवण्याचे साधन नसे. धातूंची ताकद व लवचिकता यांवरून सरकारमान्य वर्गवारी व्हावी आणि मालाची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र संस्था सरकारने स्थापाव्यात, असा आग्रह व्होलर यांनी धरला. कारखानदारांचा विरोध झाला, पण जर्मन रेल्वे संघटनेने ही मागणी उचलून धरली. आज इमारतीची सळई विकत घेताना तिच्यावरचा प्रमाणपत्राचा शिक्का पाहिला जातो, त्या व्यवस्थेचे एक मूळ या आग्रहात आहे.

त्यांच्या प्रयोगांचा धागा म्युनिकचे प्राध्यापक योहान बाउशिंगर यांनी पुढे नेला. १८८६ मध्ये त्यांनी दाखवले, की धातू एकदा एका दिशेने कायमचा ताणला गेला, की उलट दिशेने तो पूर्वीपेक्षा कमी भारात नमतो. धातू आपला भूतकाळ विसरत नाही, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता. १९०३ मध्ये केंब्रिजच्या युइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा वारंवार भार सोसणाऱ्या लोखंडाच्या स्फटिकांवर बारीक घसरणरेषा उमटतात, त्या रुंदावतात आणि त्यांचेच पुढे तडे होतात, हे दिसून आले. धातू आधीपासूनच स्फटिकमय असतो, हादऱ्यांनी तो स्फटिक बनत नाही. साठ वर्षांपूर्वीचा तो जुना समज अखेर निकालात निघाला. व्होलर तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि हानोवर येथे निवृत्त जीवन जगत होते. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाने १९०१ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. २१ मार्च १९१४ रोजी हानोवर येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीच्या अखेरीस धातूच्या आणखी एका दुबळेपणाचा अभ्यास सुरू झाला होता. पुस्तकांच्या ओझ्याने घरातली लाकडी फळी जशी वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जाते, तसा धातूही स्थिर भाराखाली, विशेषतः तापलेल्या स्थितीत, अतिशय मंद गतीने लांबत राहतो. इंग्रजीत याला क्रीप म्हणतात, मराठीत मंद विरूपण म्हणता येईल. एडवर्ड आंद्राद या तरुण शास्त्रज्ञाने लंडनमध्ये शिशाच्या तारांवर प्रयोग करून १९१० मध्ये याचे नियम मांडले. शिणवटा फेरे मोजतो, मंद विरूपण तास मोजते. व्होलर यांच्या काळात आगगाडीचे आस थंड असत, त्यामुळे त्यांना तासांची चिंता करावी लागली नाही. त्यांचे काही नमुने काही दिवस फिरले, काही वर्षे फिरले, दोघांची तुलना करताना त्यांनी फक्त फेरे जमेस धरले आणि ते योग्यच होते.

वाफेवर चालणारी टर्बाइने आली, वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअसच्या घरात गेले, आणि ही सोय संपली. वीजकेंद्र सुरू होताना टर्बाइनच्या फिरत्या भागाचा पृष्ठभाग आधी तापतो, गाभा थंड असतो. पृष्ठभागाला प्रसरण पावायचे असते, गाभा त्याला पावू देत नाही, त्यामुळे पृष्ठभाग दाबला जातो. केंद्र काही दिवस सलग चालले, की उष्णतेत हा दाब मंद विरूपणाने हळूहळू ओसरतो आणि धातू त्या नव्या आकाराला सरावतो. मग केंद्र बंद करताना पृष्ठभाग आधी थंड होतो आणि आता त्याला पूर्वीपेक्षा मोठा ताण सोसावा लागतो. म्हणजे मधली विश्रांती ही विश्रांती नसते. ती पुढच्या चक्राचा आघात वाढवते. शिणवट्याचे तडे पृष्ठभागावरून आत शिरतात, मंद विरूपणामुळे धातूच्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, आणि दोन्ही एकमेकांना भेटले, की भाग अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होतो.

हे संयुक्त नुकसान आधीच कसे सांगायचे? साधा उपाय असा, की एकूण फेऱ्यांच्या आयुष्याचा किती हिस्सा खर्च झाला आणि एकूण तासांच्या आयुष्याचा किती हिस्सा खर्च झाला, यांची बेरीज करायची आणि ती एकावर पोहोचली, की भाग मोडीत काढायचा. परंतु प्रयोगशाळेतील नमुने बेरीज एकावर पोहोचण्याची वाट पाहत नाहीत. त्यामुळे उष्ण भागांच्या आराखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन संहितेत नेहमीच्या निष्कलंक पोलादासाठी दोन्ही हिस्से प्रत्येकी तीन दशांश झाले, तरी मर्यादा संपली असे मानले जाते. क्रोमियमयुक्त काही नव्या पोलादांच्या बाबतीत तर ही मर्यादा याहून कितीतरी कडक आहे. आणखी पुढे जायचे तर प्रत्येक चक्रात धातू किती ताणला, किती सैलावला आणि त्याने मागच्या चक्रांतले काय लक्षात ठेवले, याचा हिशेब ठेवणारी गणिती प्रारूपे लागतात. बाउशिंगर यांनी दाखवलेली धातूची स्मृती या प्रारूपांच्या केंद्रस्थानी आहे.

या प्रारूपांची गरज का भासते, याचे उत्तर व्होलर यांच्याच यंत्रापाशी सापडते. त्यांना एक नमुना काही वर्षे फिरवता आला. पण कल्पाक्कमच्या शीघ्र प्रजनक अणुभट्टीत ५५० अंशांच्या जवळ तापलेल्या द्रवरूप सोडियमच्या सान्निध्यात पोलादाला चाळीस वर्षे काढायची असतात. चाळीस वर्षे म्हणजे साडेतीन लाख तास. तेवढा काळ नमुना तापवत ठेवून मग अणुभट्टी बांधायची, हे शक्य नाही. काही हजार तासांच्या प्रयोगावरून काही लाख तासांचे भाकीत करावे लागते आणि त्या भाकितावर अनेकांची सुरक्षितता अवलंबून असते. हाच प्रश्न आता आपल्या औष्णिक वीजकेंद्रांपुढेही उभा आहे. चंद्रपूर किंवा कोराडीसारखी केंद्रे रात्रंदिवस एकाच भाराने चालावीत, या हिशेबाने बांधली गेली. सौर ऊर्जा वाढल्यापासून देशातील कोळशावरच्या केंद्रांना दुपारी भार उतरवून संध्याकाळी तो पुन्हा चढवण्याची तयारी ठेवावी लागत आहे. आराखड्यात गृहीत धरलेल्या चक्रांपेक्षा किती अधिक चक्रे त्यांच्या नळ्या आणि टर्बाइने सोसू शकतील, हा केवळ विद्यापीठातला प्रश्न राहिलेला नाही.

व्होलर यांचा धडा विसरल्याची किंमत जगाने पुन:पुन्हा मोजली आहे. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन जेट प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. त्यांतले पहिले सिंगापूरहून कलकत्ता, कराची मार्गे रोमला येऊन लंडनकडे निघाले होते. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब चढतो आणि उतरतो, या चक्राने त्याच्या पत्र्याला शीण आला होता. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे अतिवेगवान गाडीच्या चाकाची पोलादी धाव शिणवट्याने तुटली आणि १०१ जण प्राणास मुकले. एशेडे हे गाव हानोवरच्या उत्तरेला, व्होलर यांच्या जन्मगावापासून फार दूर नाही. त्या धावेतला तडा आतल्या बाजूने, वरून न दिसणाऱ्या जागी वाढत गेला होता. धाव आणि चाक यांच्यामध्ये प्रवास सुखाचा व्हावा म्हणून रबर बसवले होते. त्यामुळे धाव प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकत होती. दीडशे वर्षांपूर्वी त्याच प्रदेशात जन्मलेल्या अभियंत्याने आस कसा वाकतो ते जस्ताच्या पत्र्यावर ओरखडून दाखवले होते.

व्होलर यांचे मोठेपण एखाद्या चमकदार कल्पनेत नाही. जे यंत्र रोज चालते, ते आज चालले म्हणून उद्या चालेलच असे नाही, हा संशय त्यांनी आकड्यांत उतरवला. त्यासाठी फेरे मोजण्याचे कंटाळवाणे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले आणि त्या कामाचे श्रेय मिरवण्याची घाई केली नाही. त्यांची काही यंत्रे म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. आता ती फिरत नाहीत. मात्र त्यांच्या मोजणीवर विसंबून बनवलेले आस उपनगरी लोकलच्या प्रत्येक डब्याखाली फिरत आहेत, आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या लाखो प्रवाशांना त्यांचा विचार करावा लागत नाही.